मातीच्या माणसांमध्ये झोपलेली

१४ सप्टेंबर, रविवार

शर्वरीला घरी आणलं. परवा कॉलेजच्या वसतिगृहातून फोन आला होता. मुलगी जेवत नाही, जेवली तर उलटी होते, काही दिवस घरी ठेवा. हर्षद संस्थेतली त्याची दोन व्याख्यानं कुणावर तरी सोपवून निघाला. मीही गेले. कॉलेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तारनाक्याहून तिथे पोचेपर्यंत मी गाडीत एकच विचार करत होते, की तिथलं पाणी बाधलं असणार.

गेटपाशी ती पिशवी घेऊन उभी होती. मी तिला लांबून ओळखलं नाही, हे हर्षदला सांगितलेलं नाही. गळ्याची हाडं वर आली आहेत. गाडीत मागच्या सीटवर काचेला डोकं टेकून बसली. मी म्हटलं, झोप जरा. म्हणाली, "नको, लागत नाही."

ट्रंक तिथेच ठेवली आहे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर परत जायचंच आहे. बारावीचं वर्ष आहे, इथे त्याला इंटरचं दुसरं वर्ष म्हणतात. नाव काहीही असलं तरी वर्ष तेच.

१६ सप्टेंबर

डॉक्टरांनी रक्त तपासलं. कावीळ नाही, टायफॉइड नाही. पित्त म्हणाले, आणि "वयात येणाऱ्या मुलींना होतं असं", जणू ती परवाच वयात आली.

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे, तिथे शिस्त लागली आहे. आमच्या आधी उठलेली असते. मी दूध आणायला दार उघडते तेव्हा ही आंघोळ करून टेबलाशी बसलेली, पुस्तक उघडं. सुट्टीत दहापर्यंत लोळणारी मुलगी! हर्षदला मी हे अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "हं."

दुपारी वरण-भात बरा खाल्ला, वर ताक प्यायली. मला इतकं बरं वाटलं! संध्याकाळी हर्षद म्हणाला, बुडलेले तास रेकॉर्ड करून पाठवतात का विचारू या. थोड्या वेळाने तिच्या पोटात पुन्हा कळ आली आणि सगळं पडलं. ताक फ्रिजमधलं होतं, तेच चुकलं. उद्यापासून ताक बंद.

१९ सप्टेंबर

काचीगुड्याहून इंदुताईंचा फोन. आमच्या मराठी मंडळाचा सगळा कारभार त्यांच्या हातात. घराण्याच्या तीन पिढ्या इथल्याच गौलीगुड्यात गेलेल्या, मूळ लातूरकडच्या. त्यांची मराठी ऐकून पुण्याहून नवीन आलेल्या बायका आधी दचकतात आणि मग त्यांच्याच होतात.

"काय करायलीस गं? ऐक. शहराबाहेर ते खेड्यातल्या घरांचं म्युझियम झालंय बघ, तिथं बतकम्माचा मेळा आहे अठ्ठावीसला. त्यांनी आपल्याला एक अंगण देऊन ठेवलंय. भोंडला करायचाय."

मी म्हटलं, शर्वरी आजारी आहे, आम्हाला जमणार नाही.

"हौ, ऐकलं मी. पोरीला घेऊनच ये. दवाखाना बस झाला."

"अहो, पण ती काही खात नाहीये."

"तिला खायला कोण बोलावतंय? गोल फिरायला बोलावायलेय. आणि खिरापत तुझ्याकडं. ओळखू येईल असलं काही आणू नक्को, गेल्या साली तुझ्या त्या ढोकळ्याचा वास गेटपासून येत होता."

त्यांना नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. शर्वरीने परडीत माती पसरायला मदत केली, धान्य पेरलं. हात मातीत असताना थोडी बोललीही. विचारत होती, किती दिवसांत उगवतं, मुळं आधी येतात की कोंब.

तेवढ्यात कॉलेजचा निरोप आला. सहा तारखेला कॉलेज सुरू होईल त्याच दिवशी चाचणी आहे, नवे गट त्या गुणांवर पडतील. मी तिला वाचून दाखवला. हात धुऊन येते म्हणाली आणि बराच वेळ बाथरूममध्येच होती. नळ चालू. आज उपवास म्हणून तिलाही साबुदाणा दिला होता, तो जड गेला. माझीच अक्कल.

हर्षदचंही काहीतरी बिनसलंय. रात्री उठतो, फेऱ्या मारतो, विचारलं तर पाणी प्यायला उठलो म्हणतो. त्यालाही पित्तच असेल. दोघांची औषधं एकदमच आणावीत.

२५ सप्टेंबर

आज खरं ते लिहिते. दुपारी तिला नुसतं छताकडे बघत पडलेलं पाहिलं आणि माझ्या मनात आलं, ही ढोंग तर करत नाही? अभ्यासाचा कंटाळा म्हणून? लगेच स्वतःची लाज वाटली. पण आलं मनात.

दहावीला पहिली आली तेव्हा त्या कॉलेजची माणसं पेढे घेऊन घरी आली होती. ती किती खूश होती. जायचं म्हणून तीच नाचली होती, आम्ही कुठे पाठवलं? निदान मला तरी असंच आठवतं.

संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. आम्ही असलं मानत नाही, तरी काढली. ती मुकाट बसली. मग म्हणाली, "आई, बाबांची पण काढ. त्यांचे डोळे बघ कसे झालेत."

हर्षदला अठ्ठावीसचं सांगितलं. मला वाटलं होतं, अभ्यास बुडेल म्हणेल. पण लगेच म्हणाला, "जाऊ या. मीही येतो." बायकांच्या भोंडल्याला हा काय करणार, देव जाणे. तिला परत सोडायला सहा तारखेला सकाळी निघायचं की पाचला रात्रीच, हेही त्याने आजच विचारलं. शर्वरी तिथेच होती. त्याचं एक पक्कं असतं, ठरलं की ठरलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

कालचं काल लिहायला बसले होते, पण हात चालेना. आज लिहिते, सगळं लिहिते.

निघताना शर्वरीने माझा जुना हिरव्या खणाचा परकर-पोलका घातला. पोलका सैल झाला म्हणून मी मागून दोन पिना लावल्या. खिरापतीला कुरडयांचा चिवडा केला होता. तो डब्यात वाजतो, म्हणून डब्याला आतून फडकं लावलं.

जागा फार छान आहे. गावोगावची जुनी घरं उचलून आणून पुन्हा तशीच उभी केलीत. विणकराचं घर, कुंभाराचं घर, शेतकऱ्याचं घर, त्याच्या बाजूला गोठा, मागे तळं. प्रत्येक घरात मातीची रंगवलेली माणसं, खऱ्या माणसांएवढी. एक जात्यावर दळतेय, एक ताक घुसळतेय, खाटेवर म्हातारा. त्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या मध्ये दोरी बांधलेली. पावसाने सगळीकडे चिखल, पण ऊन पडलं होतं, आणि जिकडे बघावं तिकडे फुलं. तरवडाची पिवळी, कुर्डूची पांढरी-गुलाबी, झेंडू. तेलुगू बायका ताटात थरावर थर रचून फुलांचे कळस करत होत्या. तीच बतकम्मा. मधोमध ठेवायची आणि भोवती फेर धरायचा. भोंडल्यासारखंच. आमचा हत्ती, त्यांची फुलं.

आम्हाला शेतकऱ्याच्या घरासमोरचं अंगण मिळालं होतं. इंदुताईंनी पाटावर रांगोळीने हत्ती काढला, सोंड वर केलेला, डोळा जरा तिरळा. पाट मधोमध मांडला आणि "चला आधी चहा, घसा ओला केल्याशिवाय गाणं निघायचं नाही" म्हणून सगळ्यांना घेऊन गेल्या. शर्वरी घराच्या ओट्यावर बसली. म्हणाली, मी इथे बघते.

चहा घेऊन येतो तर काय! अंगणात पंधरा-वीस तेलुगू बायका जमलेल्या आणि आमच्या पाटावर, हत्तीच्या बरोब्बर पाठीवर, कमरेएवढी बतकम्मा. मधोमध मांडलेला सजवलेला पाट बघून त्यांना वाटलं, व्यवस्थापनाने तो त्यांच्यासाठीच मांडलाय. त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं. आमच्यातली प्रणिता कुजबुजली, "आता काय करायचं? हत्ती गेला." पाट कुणाचा ते त्या बायकांच्या लक्षात आलं तशा त्या गडबडल्या, सॉरी सॉरी म्हणत बतकम्मा उचलायला धावल्या.

इंदुताई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, आपला हत्ती रिकामाच चालला होता. ह्यांनी अंबारी चढवली!" आणि त्या बायकांना तेलुगूत काहीतरी सांगितलं, मग मध्येच दखनीत, "नक्को उतारो, रहने दो. आज सवारी साथ में निकलेगी." एकच हशा झाला.

मग एक गाणं त्यांचं, एक आमचं. त्या वाकून टाळ्या वाजवत पुढे सरकतात, आम्ही हात धरून फिरतो, त्यामुळे पहिल्या फेरात चार जणी एकमेकींच्या पायांवर. दुसऱ्यापासून जमलं. हर्षद नवऱ्यांच्या घोळक्यात चपला राखत उभा होता. मी कित्येक दिवसांनी मोठ्याने गात होते. गाता गाता ओट्याकडे पाहिलं तर शर्वरी तिथे नव्हती.

फेर सोडून मी बाहेर आले. ओटा रिकामा. चपला तिथेच. हर्षदने माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता तळ्याच्या दिशेने पळाला. तळ्याकडेच का, ते मला तेव्हा कळलं नाही. आज दिवसभर मला तेच दिसतंय, तो ज्या वेगाने पळाला ते. मी मात्र चपला इथे आहेत म्हणजे आतच असेल म्हणून घरात शिरले.

आतल्या खोलीच्या दाराशी एक बाई खुर्ची टाकून बसली होती. तिथलीच कामाची, गळ्यात ओळखपत्र, यादम्मा. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने आत दाखवलं.

दोरीपलीकडे, ताक घुसळणाऱ्या बाईच्या आणि खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या मधे, चटईवर शर्वरी झोपली होती. कुशीवर, गुडघे पोटाशी, तोंड जरासं उघडं. हिरवा परकर, सैल पोलका. पाहिल्यावर आधी मलाही ती त्यांच्यातलीच वाटली.

मी दोरी उचलायला गेले तर यादम्माने माझा पदर धरला. "नक्को उठाओ अम्मा. बच्ची बहोत थकी वी है."

"पण इथे... चालतं का?"

"बोर्ड पे लिखा है, हाथ लगाना मना है. सोना मना है, ऐसा किधर बी नइं लिखा." मग जरा पुढे झुकून, "मैं बी दोपहर में इधरिच सोती. ठंडा रहता."

तिने मला बसायला वेताचा मुढा दिला. मी हर्षदला फोन केला, सापडली म्हणून सांगितलं. पलीकडून नुसत्या त्याच्या धापा ऐकू आल्या.

घर बघायला माणसं येत होती. यादम्मा त्यांना हळू बोला म्हणून खुणावत होती, आणि ती माणसं आपण जुन्या काळात आल्यासारखी गंभीर होऊन बघत होती. एक गृहस्थ पत्नीला तेलुगूत म्हणाले, "ही सगळ्यात चांगली बनवलीय, नखंसुद्धा बघ." त्यांची छोटी मुलगी दोरीखालून मान घालून बघत राहिली आणि एकदम ओरडली, "अम्मा! बोम्म गुरक पेडुतोंदि!" आई, बाहुली घोरतेय! यादम्माने तोंडात पदर कोंबला. मी हसले आणि हसता हसताच मला रडू यायला लागलं, कारण खरंच घोरत होती. लहानपणी सर्दी झाली की घोरायची तशी. घरी आल्यापासून हा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

हर्षद आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहिला, मग उंबऱ्यावर माझ्या पायांशी बसला.

"झोपलीय," तो म्हणाला.

"हो."

"रोज रात्री जाऊन बघतो मी. रोज जागी असते. मला बघून डोळे मिटून घेते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणत होतीस, लवकर उठायची शिस्त लागलीय. इतकी खूश होतीस तू."

बाहेर फेर चालूच होता. एक त्यांचं, एक आमचं. खिरापत ओळखायची वेळ झाली तेव्हा इंदुताई मला शोधत आत आल्या, त्यांनी सगळं पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून डबा घेतला आणि चोरपावलांनी गेल्या. बाहेर त्यांचा आवाज आला, "हळू गं, हळू! इथं लक्ष्मी झोपलीय घरात."

बतकम्मा तळ्यात सोडायला वाजत गाजत निघाली त्या ढोलाने शर्वरी जागी झाली. जागी झाली म्हणजे ताडकन उठून बसली आणि चटईवर हाताने चपला शोधू लागली. "झाली का बेल? आले मॅम, मी उठलेच होते, मी झोपले नव्हते..."

मग तिला ताकवाली दिसली, म्हातारा दिसला, आम्ही दिसलो.

तेव्हा ती बोलली. सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी. तिथे खोल्यांतले दिवे बंदच करत नाहीत. पहाटेची बेल चुकली तर आख्ख्या मजल्यासमोर उभं करतात, म्हणून ती बेलच्या आधी जागी राहायला लागली. आधी जराशी आधी, मग आणखी आधी. मग झोपच गेली. जेवताना भिंतीवर गुणांचा तक्ता समोर असतो, घास फिरत राहतो. तिच्या शेजारच्या पलंगावरच्या मुलीला एक दिवस तिचे वडील येऊन घेऊन गेले, ती का गेली कुणी सांगितलं नाही, आणि तो पलंग दुसऱ्याच दिवशी भरला.

"फोनवर का नाही सांगितलंस बाळा?"

"फोनच्या वेळी मॅम बाजूलाच असतात. आणि घरी आल्यावर... बाबा रोज परत जायचं विचारत होते."

मी हर्षदकडे पाहिलं नाही. मला भीती वाटत होती. सव्वा वर्ष त्याने संस्थेत सगळ्यांना त्या कॉलेजचं नाव सांगितलंय. मनात मी वाक्यं जुळवत होते, घरी गेल्यावर कसं सांगायचं, कुणाला मध्ये घालायचं, भांडायची वेळ आली तर कुठवर जायचं. तोवर तो तिला म्हणाला, "मी तू नाही म्हणण्याची वाट बघत होतो गं."

शर्वरी त्याच्याकडे बघत राहिली.

"रोज विचारायचो, आज तरी नाही म्हणशील म्हणून. सरळ विचारायला हवं होतं. जमलं नाही. नाही जायचं तिथे."

"सहाला चाचणी आहे."

"असू दे."

"बाबा, खरंच?"

"खरंच."

"नंतर बोलणार नाही ना?"

"बोललो तर आईला सांग."

ती रडेल असं मला वाटलं. नाही रडली. चटईवर परत आडवी झाली, छतावरचे वासे बघितले आणि म्हणाली, "मला भूक लागलीय."

आमची खिरापत संपली होती, डबा फडक्यासकट पुसून ठेवलेला. यादम्मा बाहेर गेली आणि तळ्यावरून परतणाऱ्या बायकांकडून पानाच्या द्रोणात मलिदा घेऊन आली. त्यांच्या बतकम्माचा प्रसाद, पोळी-गुळाचा, नावही आपलंच. शर्वरीने तिथेच बसून खाल्ला, बोटं चाटून. मी "हळू खा" म्हणणार होते, हर्षदने माझ्या हातावर हात ठेवला. पोटात राहील का, हे मी घरी येईपर्यंत मोजत होते. राहिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

हर्षद एकटाच जाऊन ट्रंक घेऊन आला. काय झालं, काय बोलले, काहीच सांगितलं नाही. फक्त जेवताना म्हणाला, त्यांनी कारण विचारलं. मी विचारलं, मग? "म्हटलं, घरी तिची गरज आहे."

तारनाक्यातच एक साधं कॉलेज आहे, दहा ते चार. तिथे सोमवारनंतर विचारणार. वर्ष हुकलं तर हुकलं, असं तो म्हणाला आणि मग बराच वेळ खिडकीशी उभा होता. त्याला सोपं नाहीये. मलाही नाही. काल एका नातेवाइकांच्या फोनला मी "अजून ठरलं नाही" म्हणून गेले. का म्हणाले? ठरलंय की.

रात्री झोप अजून सारखी लागत नाही तिला. काल लागली, परवा नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे बुधवारी जायचंय. इंदुताईंनीच नाव सुचवलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, कशाला असलं. म्हणाल्या, "दवाखाना बस झाला म्हटलं मी, डॉक्टर बस झाला म्हटलं का?"

६ ऑक्टोबर, सोमवार

आज तिकडे चाचणी. सकाळी मी चोरून घड्याळाकडे बघत होते, हर्षदही. शर्वरीचं दार बंद. आम्ही दोघं हळू आवाजात चहा प्यायलो, तो कामाला गेलाच नाही.

ऊन गॅलरीतून आत सरकलं तेव्हा ती उठली. केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ. आली ती तणतणतच. मी काल ट्रंक उपसून सगळे कपडे धुवायला टाकले होते, त्यात तिचा कुठलासा टी-शर्ट, ज्यावर मैत्रिणींनी पेनाने सह्या केल्या होत्या.

"माझ्या वस्तूंना हात कशाला लावलास? विचारायचं तरी! नेहमी असंच करतेस तू, नेहमी!"

"अगं, घाण वास येत होता त्याला..."

"माझा वास होता तो!"

आणि धाडकन दार. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन विचारू लागल्या, काय पडलं. मी ओरडायला तोंड उघडलं होतं. हर्षद स्वयंपाकघराच्या दारात कपबशी घेऊन उभा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनीही तोंडावर हात ठेवले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी जिन्यातल्या बाईंना सांगितलं, काही नाही हो, आमची मुलगी आहे.

जरा वेळाने दार बोटभर उघडलं. आतून रागातलाच आवाज. "जेवायला काय आहे?"

"भरली वांगी."

"शी!"

दार पुन्हा आपटलं. वांगी मात्र दुपारनंतर भांड्यात उरली नाहीत.